सर फेबियन वेअर : नावे राखणारा माणूस

चरित्रे लिहिली जातात ती बहुधा रण मारणारांची, राज्ये स्थापणारांची अथवा ग्रंथ रचणारांची. रण सरल्यावर मागे उरलेल्या मृतांची ज्याने मोजदाद केली, कोण कोठे पुरला गेला याच्या वह्या ज्याने राखल्या आणि त्या जागेचे छायाचित्र दूरदेशीच्या मातेच्या हाती ज्याने पोचविले, अशा माणसाचे चरित्र सहसा कोणी लिहावयास घेत नाही. सर फेबियन वेअर हे असे गृहस्थ होते. त्यांनी एकही लढाई जिंकली नाही, किंबहुना लढण्यासाठी ते गेले असता सैन्याने त्यांस वय झाले म्हणून परत पाठविले. तथापि आज दीडशेंहून अधिक देशांत ज्या सुमारे सतरा लाख सैनिकांच्या स्मृती एका आयोगामार्फत जतन केल्या जातात, त्या आयोगाचा पाया या परत पाठविलेल्या माणसाने घातला. पुण्याजवळ खडकी येथे दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेंहून अधिक सैनिकांची जी दफनभूमी आहे, ती आमच्या वाचकांपैकी काहींनी पाहिली असेल. तेथील सारख्या उंचीचे, एका ओळीत उभे असलेले दगड ज्यांनी पाहिले, त्यांनी वेअर यांचे काम पाहिले आहे, मग त्यांचे नाव ठाऊक असो वा नसो.

त्यांचा जन्म १७ जून १८६९ रोजी इंग्लंडातील ब्रिस्टल शहराच्या क्लिफ्टन भागात झाला. घराणे प्लिमथ ब्रदरन या कडक आचाराच्या ख्रिस्ती पंथाचे. प्रारंभीचे शिक्षण घरीच झाले. पुढे पॅरिसच्या विद्यापीठातून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली. पॅरिसमध्ये मिळालेले फ्रेंच भाषेचे ज्ञान त्यांच्या आयुष्यात पदवीपेक्षाही अधिक उपयोगी पडले, हे पुढे दिसून येईलच. १८८९ ते १८९९ अशी दहा वर्षे त्यांनी माध्यमिक शाळांतून शिक्षकाचे काम केले. शाळेच्या वार्षिक अंकात त्यांचे चरित्र देण्यास एवढेही कारण पुरेसे ठरावे! मास्तरकीची ती शिस्त, म्हणजे हजेरीपटावरील एकही नाव गाळावयाचे नाही ही सवय, त्यांच्या अंगी पुढेही राहिली असे आम्हांस वाटते.

१९०१ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालच्या शिक्षणखात्यात गेले व दोनच वर्षांत त्या खात्याचे मुख्य झाले. तेथील सर्वाधिकारी लॉर्ड मिल्नर यांचा त्यांच्यावर लोभ जडला. १९०५ मध्ये ते परतले ते लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकाचे संपादक म्हणून. या काळातील एक प्रसंग मौजेचा आहे. त्यांच्या पत्राने वाचकांकडून वर्गणी जमवून राष्ट्रासाठी एक विमाननौका फ्रान्समधून विकत आणली; ती १९१० मध्ये खाडी ओलांडून सुखरूप आली, पण तिच्यासाठी बांधलेल्या शेडचे दार ठेंगणे निघाले आणि आत घेताना तिचे आवरण फाटले. पुढल्या वर्षी तर ती नष्टच झाली. त्याच वर्षी, म्हणजे १९११ मध्ये, वेअर यांचे संपादकपदही गेले. नंतर रिओ टिंटो या खाणकंपनीत त्यांनी नोकरी धरली. वयाची चाळिशी उलटलेली, तीन व्यवसाय करून झालेले. जग ज्यास यश म्हणते त्या अर्थाने फारसे काही हाती लागले नव्हते.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. पंचेचाळीस वर्षांचे वेअर सैन्यात नाव नोंदविण्यास गेले व नाकारले गेले. तेव्हा मिल्नर यांच्या शब्दावर त्यांस ब्रिटिश रेडक्रॉसच्या एका फिरत्या शुश्रूषापथकाचे नायकत्व मिळाले, आणि सप्टेंबरमध्ये ते फ्रान्समध्ये दाखल झाले. हे पथक म्हणजे हौशी लोकांनी आपल्या खाजगी मोटारगाड्या घेऊन येऊन उभारलेला जमाव होता. घाईने माघार घेणाऱ्या सैन्याच्या मागे राहिलेले जखमी शोधावयाचे व रुग्णालयात पोचवावयाचे, हे त्याचे काम. ते करीत असता वेअर यांच्या दृष्टीस एक गोष्ट पडू लागली. शेतांच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, चर्चच्या आवारात ठिकठिकाणी घाईने खणलेली थडगी होती. त्यांवर कोठे फळीचा क्रूस, कोठे पेन्सिलीने लिहिलेले नाव, कोठे चिठ्ठी आत घालून उपडी रोवलेली बाटली. एक पावसाळा लोटला की यांतले काय उरणार?

ऑक्टोबर १९१४ मध्ये बेथून येथील दफनभूमीस वेअर यांनी भेट दिली. त्यांच्यासमवेत रेडक्रॉसचे वैद्यकीय अधिकारी लेफ्टनंट कर्नल स्टूअर्ट हे होते. तेथील इंग्रज सैनिकांच्या थडग्यांवर नावे होती, परंतु त्यांची सरकारदरबारी नोंद कोठेही नव्हती. आपल्या पथकानेच ही नोंद का करू नये, असा विचार तेथे निघाला, आणि एका अफाट कार्याचा आरंभ झाला तो इतक्या साध्या रीतीने. २ मार्च १९१५ रोजी इंग्लंडच्या युद्धखात्याने या कामास मान्यता दिली व ‘थडगी-नोंदणी आयोग’ अस्तित्वात आला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत एकतीस हजारांवर थडग्यांची नोंद झाली होती. क्रूसावर यंत्राने ठसे उमटविलेली धातूची पट्टी ठोकावयाची, नकाशावर जागा दाखवावयाची, वहीत नाव चढवावयाचे, असा क्रम ठरला. तोफा धडाडत असता हे चाले. आज नोंदलेले थडगे उद्याच्या तोफगोळ्याने उद्ध्वस्त होई, तरी वहीतील नोंद उरे. फ्रेंच अधिकाऱ्यांशी बोलणी करण्यास वेअर यांचे पॅरिसचे फ्रेंच उपयोगी पडले. फ्रान्सने २९ डिसेंबर १९१५ रोजी कायदा करून मित्रराष्ट्रांच्या मृतांसाठी कायमची जमीन दिली.

आता छायाचित्रांची हकीकत सांगितली पाहिजे, कारण आमच्या मते वेअर यांच्या कार्याचे मर्म तीत आहे. आयोगाचे काम सुरू होताच इंग्लंडातून पत्रे येऊ लागली. आमचा मुलगा कोठे पुरला आहे, त्याची जागा कशी आहे, तेथे झाड आहे का, असे आईबाप विचारीत. युद्धभूमीवर त्यांना येऊ देणे शक्य नव्हते. तेव्हा छायाचित्रकार नेमावयाचे व ज्याचे आप्त मागतील त्याच्या थडग्याचे चित्र काढून त्यांस विनामूल्य धाडावयाचे, असे ठरले. रेडक्रॉस व सेंट जॉन या सेवासंस्थांच्या संयुक्त समितीने खर्च सोसला. पहिल्या छायाचित्रकारांत कोडॅक कंपनीत काम केलेले आयव्हन बॉट्री हे होते. युद्ध संपल्यानंतरही ते या कामावर राहिले. त्यांनी काढलेली चित्रे लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियममध्ये संग्रहित आहेत. १९१७ पर्यंत अशी दहा हजारांहून अधिक चित्रे घरोघर गेली.

हे चित्र एका पुठ्ठ्याच्या घडीत बसविलेले असे. त्याखाली मृताचे नाव, पलटण, थडग्याची जागा आणि आणखी एक गोष्ट छापलेली असे : जवळचे रेल्वेस्थानक. या शेवटच्या ओळीपाशी आम्ही वाचताना थबकलो. जेथे तोफांचा मारा चालू आहे, तेथील रेल्वेस्थानकाचे नाव एका विधवेस कळविण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन हे की, कधीतरी युद्ध संपेल, गाड्या चालू होतील, आणि ती तेथे जाईल. ज्यांस भाडे परवडले नाही, त्यांच्याकडे मात्र ते चित्रच राहिले. आपल्याकडे भिंतीवरील तसबिरीस हार घालण्याची चाल आहे. परंतु तसबीर माणसाच्या मुखाची असते. या चित्रात मुख नाही. मातीचा उंचवटा, लाकडी क्रूस आणि मागे मोडलेली झाडे, एवढेच. तरीही लोकांनी ती चित्रे पिढ्यान्‌पिढ्या जपली. आमच्या बेळगाव परिसरात व दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव वीरगळ आहेत, ते विद्यार्थ्यांनी पाहिलेच असतील. शिळेच्या खालच्या टप्प्यात लढाई, मधल्या टप्प्यात अप्सरा वीरास स्वर्गी नेत आहेत, वरच्या टप्प्यात शिवलिंगाची पूजा. तेथे चित्र आहे, परंतु पुष्कळ शिळांवर नाव नाही. वेअर यांच्या लोकांनी पाठविलेल्या चित्रात वीरश्री मुळीच नव्हती. नाव मात्र होते.

अर्थात या पद्धतीत एक उणीव होती. चित्र मिळावयाचे ते मागणाऱ्यास, आणि मागणी पत्राने करावयाची. ज्या घरात अक्षर लिहिणारे कोणी नव्हते, त्या घराने मागणी कशी करावी?

वेअर यांचा खरा झगडा पुढे होता. एप्रिल १९१५ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे नातू लेफ्टनंट ग्लॅडस्टन फ्रान्समध्ये मारले गेले व खास परवानगीने त्यांचे शव इंग्लंडात आणण्यात आले. वेअर यांस हे मानवले नाही. श्रीमंताचा मुलगा घरी यावा आणि मजुराचा मुलगा परमुलखात राहावा, हे जे दोघे एकाच खंदकात लढले त्यांच्या बाबतीत कसे शोभावे? त्यांनी आग्रह धरून शवे मायदेशी नेण्यास बंदी करविली. २१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेने ‘इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन’ स्थापन झाले. युवराज अध्यक्ष, वेअर उपाध्यक्ष. कारभार सारा वेअर यांच्या हाती. ब्रिटिश म्यूझियमचे सर फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ मध्ये योजना आखून दिली. लट्यन्स, बेकर व ब्लूमफील्ड हे स्थापत्यविशारद लाभले. आणि मुंबईत जन्मलेले ग्रंथकार रुडयार्ड किपलिंग शिलालेखांचे सल्लागार झाले. किपलिंग यांचा एकुलता मुलगा जॉन १९१५ च्या सप्टेंबरात लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता. पित्याच्या हयातीत त्याचे थडगे सापडले नाही. हजारो अनामिकांच्या दगडांवर काय कोरावे हे ठरविणारा मनुष्य स्वतःही त्याच दुःखाचा धनी होता.

योजना अशी की, सेनापती असो वा शिपाई, सर्वांस एकाच मापाचा दगड : उंची दोन फूट आठ इंच, रुंदी एक फूट तीन इंच. खाली आप्तांच्या इच्छेचा थोडा मजकूर, तोही सहासष्ट अक्षरांपर्यंत. हुद्दा, वंश व धर्म यांवरून भेद करावयाचा नाही. आज हे आपणांस न्याय्य व सोपे वाटते. त्या काळी यावरून मोठा क्षोभ झाला. आपल्या मुलाचे शव सरकारने ठेवून घ्यावे आणि त्याच्यावर क्रूसही उभारू देऊ नये, हा कोणता न्याय, असे पुष्कळ मातापित्यांनी विचारले. युद्धात तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी आठ हजारांवर सह्यांचा अर्ज युवराजांकडे धाडला. त्या बाईंचे म्हणणे आम्हांस आजही हलके वाटत नाही. मृत्यूवर राज्याची मालकी नसते, माणसांची असते. परंतु वेअर यांचे उत्तरही हलके नव्हते. एकास संगमरवरी मंडप व दुसऱ्यास कुजणारी फळी, असे झाले तर ती सैनिकांची दफनभूमी न राहता धनिकांची व दरिद्रींची वस्ती होईल. ४ मे १९२० रोजी इंग्लंडच्या लोकसभेत यावर वाद झाला. बर्डेट-कूट्स यांनी आयोगाच्या बाजूने बोलताना किपलिंग यांचे एक पत्र वाचून दाखविले. ज्यांच्या मुलाचे नाव एका ठाऊक असलेल्या जागी दगडावर कोरले जाते, ते आपण किती भाग्यवान हे जाणत नाहीत, असा त्याचा आशय होता. मतदानापर्यंत गोष्ट गेली नाही. आयोगाची योजना कायम राहिली.

मग वीस वर्षे बांधकाम चालले. विखुरलेल्या थडग्यांतून दोन लाखांहून अधिक अवशेष उचलून ठरलेल्या दफनभूमींत आणण्यात आले. फॉर्सव्हिल येथे नमुन्यादाखल बांधलेली दफनभूमी उत्तम ठरली आणि तिच्यासारख्या शेकडो झाल्या. ज्यांचे थडगेच नाही, त्यांची नावे स्मारकांवर कोरली : १९२७ मध्ये ईप्र येथील मेनिन वेशीवर चोपन्न हजारांहून अधिक, १९३२ मध्ये थिएप्वाल येथे बहात्तर हजारांहून अधिक. १९२२ च्या मे महिन्यात राजे पाचवे जॉर्ज यांनी या दफनभूमींची यात्रा केली तेव्हा वेअर त्यांच्यासमवेत होते. त्या यात्रेचे सचित्र पुस्तक निघाले आणि ज्यांस जाणे शक्य नव्हते त्यांनी त्या चित्रांतून यात्रा केली.

आता आपल्या माणसांकडे वळू. मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधील न्यू-शापेल येथे हिंदी सैन्य शौर्याने लढले. तेथे हर्बर्ट बेकर यांनी हिंदी सैनिकांचे स्मारक बांधले. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. अशोकस्तंभाची आठवण देणारा सुमारे पंधरा मीटर उंचीचा कमलशीर्ष स्तंभ, दोन्ही बाजूंस वाघ, भोवती जाळीदार दगडी कठडा, आणि सत्तेचाळीसशेंवर नावे. अधिकारी व शिपाई दोघांचीही. दफन झालेल्या हिंदूंच्या व मुसलमानांच्या दगडांवर त्यांच्या त्यांच्या धर्माची वचने त्यांच्याच लिपीत कोरलेली आहेत. इंग्लंडात ब्रायटनजवळच्या टेकडीवर, जेथे हिंदू व शीख जखमींपैकी दगावलेल्यांस अग्नी देण्यात आला, तेथे १९२१ मध्ये एक छत्री उभारली गेली. परंतु त्या त्रेपन्न जणांची नावे त्या जागी कोरली गेली ती थेट २०१० मध्ये.

आणि बसरा? पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मुख्यतः लढल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला, आणि शरणागतीनंतर कैदेत कितीतरी जण उपासमारीने व रोगराईने गेले. या मोहिमेतील चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी, ज्यांचे थडगे ठाऊक नाही अशांसाठी, १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक झाले. त्यावर इंग्रज सैनिकांची, शिपायांपर्यंत सर्वांची नावे आहेत. हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र नावे नाहीत; पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा आहे. ‘नामशेष’ या आपल्या शब्दाचा मूळ अर्थ, ज्याचे नाव तेवढे शेष उरले असा. या शिपायांचे तेवढेही दगडावर उरले नाही. एकाच मापाच्या दगडाचा आग्रह धरणाऱ्या आयोगाने हे करावे, ही गोष्ट वेअर यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. ते उपाध्यक्ष होते, आणि फ्रान्समध्ये पाळलेले तत्त्व त्यांच्या डोळ्यांदेखत बसऱ्यात पाळले गेले नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी सत्तर वर्षांचे वेअर पुन्हा थडगी-नोंदणीचे संचालक झाले. या वेळी बाँबहल्ल्यांत घरबसल्या मारल्या गेलेल्या स्त्रीपुरुषांची व मुलांचीही नावे नोंदली पाहिजेत, असा आग्रह त्यांनी धरला, आणि साठ हजारांहून अधिक नागरिकांची ती यादी वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवली गेली. १९४८ मध्ये ते निवृत्त झाले व २८ एप्रिल १९४९ रोजी ग्लॉस्टरशरमध्ये निधन पावले. ॲम्बर्ली या खेड्यात त्यांचे थडगे आहे. त्यावर आयोगाच्या नमुन्याचाच दगड आहे, शिपायाच्या दगडाहून मोठा नाही.

त्यांचा आयोग १९६० पासून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या नावाने चालू आहे. २०२१ मध्ये त्याने नेमलेल्या समितीने जुनी दप्तरे तपासून निवेदन प्रसिद्ध केले. पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांचे, ज्यांत हिंदी व आफ्रिकी मुख्यतः होते, स्मरण असमान रीतीने झाले. आणखी किमान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, असे की ज्यांची नावेच कोठे कोरली गेली नाहीत अथवा ज्यांचे स्मरणच झाले नाही. आयोगाने क्षमा मागितली व नावे शोधण्याचे काम हाती घेतले. स्वयंसेवकांनीही अलीकडच्या काळात जगभर हिंडून थडग्यांची छायाचित्रे काढली असून मागणाऱ्या कुटुंबांस ती मिळू शकतात. जवळच्या रेल्वेस्थानकाचे नाव आता कोणी छापीत नाही.

बेळगावास १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. ज्यांचा पणजा वा खापरपणजा मेसोपोटेमियात गेला व परतला नाही, अशी घराणी या भागात, कोकणात व घाटमाथ्यावर आहेत. बसऱ्याचे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात हलविण्यात आले. तेथे जाणे सोपे नाही, तेव्हा या घराण्यांस ते पाहावयाचे तर छायाचित्रातच. त्यात भिंत दिसते, पलटणीचे नाव दिसते, आकडा दिसतो. इराकमधील मृतांच्या नावांचे दोन खंडांचे पुस्तक आयोगाने पुढे सिद्ध केले व ते इंग्लंडात मेडनहेड येथील आपल्या मुख्य कचेरीत पाहण्यास ठेवले. नाव तेथे शोधता येते.